घरचें गाणें आणि उसना घुमारा

घरांत गाणारें माणूस असलें म्हणजे त्याचें गाणें टिपून ठेवावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. पूर्वीं या इच्छेला खर्चाची आडकाठी होती. आज ती फारशी उरलेली नाहीं. घरोघरचा मोबाईल हें एक लहानसें ध्वनिमुद्रणयंत्रच होय. परंतु टिपलेलें गाणें ऐकावयास बसावें, तों बहुधा निराशाच पदरीं पडते. समोर बसून ऐकतांना जो आवाज भरदार वाटला, तोच यंत्रांतून कोरडा, उघडा आणि किंचित् किरटा वाटतो. चित्रपटांतील गाण्यांवर जी एक झळाळी असते, ती येथें नांवालाही नसते.

मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो कीं, ही सारी महागड्या यंत्रांची करामत असून ती आपल्या आवाक्यांतील नव्हे. दुसरा पक्ष, आणि तो बहुधा तरुणांचा असतो, मोबाईलवरील एखादी कळ दाबून गाण्याला भरमसाट घुमारा जोडतो व मूळ गाणें पुसून टाकतो. पहिल्या पक्षाच्या हातून होणारें नुकसान म्हणजे गाणें टिपलेंच जात नाहीं. दुसऱ्याच्या हातून होणारें नुकसान अधिक मोठें आहे; तें पुढें ध्यानांत येईलच. आवाजावर संस्कार कसे होतात आणि ते थोड्या खर्चांत घरीं कसे करावेत, हें समजून घेतल्यास दोन्ही चुका टळतील.

प्रथम निराशेचें कारण पाहिलें पाहिजे. माणूस गातो तेव्हां ऐकणाऱ्याच्या कानीं दोन तऱ्हांचे ध्वनि पोहोंचतात. एक मुखांतून थेट येणारा, आणि दुसरा भिंती, छत व जमीन यांवर आपटून परतणारा. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४३ मीटर असतो. राहत्या घरांतील लहान खोलींत भिंत दीड मीटरवर असली, तर तिच्यावरून परतणारा ध्वनि सुमारें ९ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळांत, माघारी येतो. इतक्या लवकर परतलेला ध्वनि कान निराळा मोजीत नाहीं. मूळ ध्वनींत मिसळून तो त्याचा रंग तेवढा बदलतो. भिंत १७ मीटर दूर असली, तर जाण्यायेण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो आणि स्वतंत्र प्रतिध्वनि ऐकूं येतो. विजापूरच्या गोलघुमटांत ज्यानें एकदां टाळी वाजविली आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. देवळाच्या दगडी सभामंडपांत मात्र असे शेंकडों ध्वनि इतक्या दाटीनें परततात कीं त्यांची गणती होत नाहीं. आवाज जणूं हवेंत तरंगत राहतो आणि हळूहळू विरतो. त्यालाच घुमारा, शास्त्राच्या भाषेंत अनुरणन, व ध्वनिमुद्रकांच्या नित्याच्या बोलण्यांत 'रिव्हर्ब' असें म्हणतात.

माणसाला दोन कान असतात, आणि त्यांमागें बसलेला मेंदू खोलीचे गुणदोष पुष्कळसे वजा करून ऐकतो. मायक्रोफोन बापडा एकच कान. त्याच्यामागें मेंदू नाहीं. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, जवळच्या भिंतीवरून परतणारा ठणठणाट, हें सर्व तो इमानेंइतबारें टिपतो. म्हणजे घरच्या ध्वनिमुद्रणांत चांगल्या घुमाऱ्याचा अभाव असतोच. शिवाय वाईट घुमारा आधींच येऊन बसलेला असतो. तो काढल्यावांचून चांगला घुमारा जोडणें म्हणजे मळक्या भिंतीवर रंग चढविणें होय.

हा वाईट घुमारा कसा हटवावा, याचा धडा १८९५ सालीं अमेरिकेंत मिळाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील नवें व्याख्यानगृह इतकें घुमत असे कीं वक्त्याचें बोलणें कळेना. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळत राही. तो दोष दूर करण्याचें काम वॉलेस क्लेमंट सॅबिन या तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाकडे आलें. त्यानें जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या व्याख्यानगृहांत पसराव्या, ऑर्गनच्या नळीचा स्वर किती वेळ टिकतो तें घड्याळ लावून मोजावें, आणि सकाळ होण्यापूर्वीं गाद्या परत नेऊन ठेवाव्या, असा क्रम चालविला. त्यांतून नियम निघाला तो असा: जागेचा घनफळविस्तार वाढला कीं घुमारा वाढतो आणि ध्वनि शोषणारें सामान वाढलें कीं तो कमी होतो. १९०० सालीं उघडलेलें बॉस्टनचें सिंफनी हॉल हें याच ज्ञानाच्या आधारें बांधलें गेलें.

सॅबिनला ज्या वस्तूंनीं हात दिला, त्या गाद्या प्रत्येक मराठी घरांत आहेत. म्हणून पैसा खर्च करण्यापूर्वीं माळ्यावरील गाद्या व रजया खालीं काढाव्या. गाण्यासाठीं बैठकीच्या रिकाम्या खोलीपेक्षां कपाटांनीं आणि अंथरुणांनीं भरलेली निजण्याची खोली निवडावी. मायक्रोफोनचें तोंड गाणाऱ्याकडे असतें, अर्थात् गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याला सर्वांत अधिक ऐकूं येते. म्हणून जाड रजई टांगावयाची ती गाणाऱ्याच्या पाठीमागें. जमिनीवर सतरंजी असावी, पंखा बंद असावा आणि मोबाईल विमानप्रवासाच्या स्थितींत ठेवावा. मायक्रोफोन तोंडापासून सुमारें एक वीत अंतरावर आणि किंचित् तिरका धरावा. 'प', 'फ', 'भ' या अक्षरांबरोबर सुटणारा वाऱ्याचा झोत त्यावर आदळूं नये, यासाठीं भरतकामाच्या लाकडी रिंगवर जुन्या पातळ पायमोज्याचें कापड ताणून तें मध्यें धरावें. तानपुरा वा साथ ऐकावयाची ती कानांत बसणाऱ्या श्रवणयंत्रांतून, म्हणजे टिपला जाईल तो केवळ आवाज. पुढील सर्व संस्कार या निखळ आवाजावर करावयाचे असतात. दोन-चार हजार रुपयांचा, संगणकास जोडतां येणारा मायक्रोफोन घेतल्यास उत्तमच. परंतु रजईवांचून तो घेण्यापेक्षां रजईसह मोबाईल अधिक बरा.

पातळीचीही काळजी घ्यावी. टिपणारी पट्टी लाल रेघेपर्यंत गेली कीं आवाजाचे माथे कापले जातात आणि तो फाटका ऐकूं येतो. हा दोष मागाहून नीट दुरुस्त होत नाहीं. सर्वांत चढ्या स्वराच्या वेळींही पट्टी लाल रेघेच्या बरीच अलीकडे राहील, अशा बेतानें यंत्र लावावें.

एवढें झाल्यावर घुमाऱ्याची पाळी येते. आज जे संस्कार मोबाईलच्या पडद्यावर एका बोटासरशी होतात, ते एकेकाळीं खऱ्या जागा आणि अवजड यंत्रें वापरून करावे लागत. १९४७ सालीं शिकागोच्या युनिव्हर्सल ध्वनिमुद्रणगृहांत बिल पुटनम यानें 'हार्मोनिकॅट्स' या वादकत्रयीचें एक गाणें मुद्रित केलें, तेव्हां घुमारा आणण्यासाठीं त्यानें ध्वनिमुद्रणगृहाचें स्नानगृह उपयोगांत आणिलें. फरशी लावलेल्या कठीण भिंतींमध्यें ध्वनि पुष्कळदां आपटतो, एवढेंच त्यांतील रहस्य. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत ई.एम.टी. १४० नांवाचें यंत्र निघालें. सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटींत ताणून टांगलेला असे. आवाजानें तो कंप पावे आणि त्या कंपांतून घुमारा मिळे. त्या यंत्राचें वजन सुमारें २७० किलो होतें! पुढें १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंतील मॅनफ्रेड श्रेडर यानें हाच परिणाम निव्वळ गणितानें कसा साधावा, तें दाखवून दिलें. घरोघरच्या संगणकांतील घुमाऱ्याची वंशावळ तेथपर्यंत पोहोंचते.

त्यामुळें आज दोन मार्ग खुले आहेत आणि दोन्ही बिनखर्ची आहेत. पहिला पुटनमचा. टिपलेला कोरडा आवाज एका लहानशा ध्वनिवर्धकावरून घरच्या स्नानगृहांत वाजवावा आणि दुसरा मोबाईल तेथेंच कोपऱ्यांत ठेवून तो पुन्हां टिपावा. आरंभीं एक टाळी टिपलेली असली, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर दोन्ही मुद्रणांतील टाळ्या एकाखालीं एक आणून तीं जुळवितां येतात. मग मूळ आवाजाखालीं स्नानगृहांतील आवाज अगदीं हलका मिसळावा. चाळींत किंवा सदनिकांच्या इमारतींत राहणाऱ्यांस दगडी जिनाही याच कामीं येईल, शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाहीं एवढी वेळ साधली म्हणजे झालें.

दुसरा मार्ग संगणकाचा. 'ऑडॅसिटी' हा कार्यक्रम २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि या लेखांत वर्णिलेले बहुतेक संस्कार त्यांत करतां येतात. मोबाईलवर 'बँडलॅब', आणि ॲपलच्या यंत्रांवर 'गॅरेजबँड', हेही विनामूल्य मिळतात. साधनांची वाण नाहीं. वाण आहे ती क्रमाची आणि संयमाची.

क्रम असा असावा. पहिला संस्कार वजाबाकीचा. पुरुषाच्या आवाजांत सेकंदाला सुमारें ८० कंपनांच्या खालीं, आणि स्त्रीच्या आवाजांत सुमारें १०० कंपनांच्या खालीं, गाण्याचा अंश जवळजवळ नसतो. असते ती रहदारीची गुरगुर. ती गाळून टाकावी. मात्र खर्जांत उतरणाऱ्या आवाजासाठीं ही मर्यादा आणखी खालीं न्यावी. दुसरा संस्कार समतोलाचा. गाणारा एक शब्द पुटपुटतो आणि दुसरा ठासून म्हणतो. त्यांतील अंतर 'कॉम्प्रेसर' कमी करतो. तें प्रमाण दोनास एक किंवा तीनास एक एवढेंच ठेवावें; अधिक ठेवल्यास गाण्यांतील चढउतार मरतात. तिसरा संस्कार घुमाऱ्याचा. हा शेवटीं येण्यास कारण आहे. घुमारा आधीं जोडून मग कॉम्प्रेसर लावला, तर तो विरत चाललेल्या घुमाऱ्यालाच वर ओढतो आणि सारें गाणें चिखलांत बसल्यासारखें होतें.

घुमाऱ्याच्या यंत्रावर अनेक खुंट्या दिसतात, परंतु नवशिक्यानें तीनच ओळखाव्या. पहिली टिकण्याच्या काळाची. भावगीतास दीड सेकंदाच्या आसपासचा काळ पुरतो. दुसरी आरंभीच्या विलंबाची. शब्द आणि घुमारा यांमध्यें २० ते ४० मिलिसेकंदांची फट ठेवली, तर शब्द पुढें आणि घुमारा मागें राहतो. तिसरी मिश्रणाची, शंभरांत दहा ते वीस भाग घुमारा पुष्कळ होतो. याची एक सोपी कसोटी आहे. घुमारा स्पष्ट जाणवूं लागेपर्यंत खुंटी फिरवावी आणि मग ती थोडी मागें घ्यावी. मीठ घातल्याचें कळूं नये, पण न घातल्याचें कळावें, तसेंच हें आहे.

भारतीय गायनास तर हा संयम विशेष अगत्याचा. द्रुत तानेंत सेकंदाला आठ स्वर निघाले आणि घुमारा तीन सेकंद रेंगाळला, तर एका वेळीं चोवीस स्वरांचे अवशेष हवेंत राहतात. पाश्चात्य संगीतांत एकाच वेळीं अनेक स्वर वाजविण्याची रीत आहे. आपल्याकडे स्वरामागून स्वर येतो आणि त्याचें सौंदर्य त्या एकेरीपणांत असतें. भैरवाच्या कोमल ऋषभावर षड्जाचा घुमारा लोंबत राहिला, तर त्या ऋषभाचें आंदोलन ऐकूं तरी कसें यावें? संथ अभंगाला किंवा भूपाळीला सभामंडपाचा लांब घुमारा शोभतो. लावणीला अथवा तानबाजीला तो मारक ठरतो.

घुमाऱ्याचा धाकटा भाऊ म्हणजे प्रतिध्वनि, ज्याला 'डिले' म्हणतात. १९५४ सालीं मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स यानें एल्व्हिस प्रेस्लीचीं गाणीं मुद्रित केलीं, तेव्हां त्यानें दुसरें फीतयंत्र जोडून हा परिणाम साधला. फितीवर टिपणारें शीर्ष आणि ऐकविणारें शीर्ष यांत थोडें अंतर असतें; तें ओलांडण्यास फितीला जो वेळ लागतो, तेवढ्यानें आवाजाची दुसरी प्रत मागें पडते. घरीं डिले लावतांना तो लयीशीं जुळवावा. हिशेब सोपा आहे. ६०,००० या संख्येला मिनिटांतील मात्रांच्या संख्येनें भागावें, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद निघतात. मिनिटाला ८० मात्रांची लय असली, तर मात्रा ७५० मिलिसेकंदांची आणि अर्धी मात्रा ३७५ ची. डिले या मापाचा ठेवला कीं तो ठेक्यांत पडतो. मनाला येईल तो आंकडा घातला कीं तबल्याशीं त्याचें भांडण सुरू होतें.

आवाज दुहेरी करण्याचा संस्कारही लोकप्रिय आहे. तोच गाणारा तेंच कडवें पुन्हां गातो आणि दोन्ही मुद्रणें एकत्र वाजविलीं जातात. त्यामुळें आवाज भरीव वाटतो. बीटल्स या इंग्रज वादकमंडळींतील जॉन लेनन यास दोनदां गाण्याचा कंटाळा होता, म्हणून लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहांतील केन टाउनसेंड यानें १९६६ सालीं फितींच्या साह्यानें एकाच मुद्रणाची किंचित् मागेंपुढें सरकणारी दुसरी प्रत काढण्याची युक्ति शोधिली. घरीं मात्र दोनदां गाणेंच चांगलें. तें फुकट आहे, आणि त्यांत रियाजही होतो.

आतां राहिला सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याचा संस्कार, स्वर सुधारण्याचा. भूगर्भांतील तेलाच्या शोधासाठीं ध्वनिलहरींचा अभ्यास करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यानें १९९७ सालीं 'ऑटोट्यून' हा कार्यक्रम बाजारांत आणिला. चुकलेला स्वर जवळच्या ठरीव स्वरावर नेऊन बसविणें, हें त्याचें काम. १९९८ सालीं शेर या गायिकेच्या गाण्यांत तो मुद्दाम अतिरेकानें वापरला गेला, आणि त्या यांत्रिक आवाजाचीच एक टूम होऊन बसली. परंतु त्याचे ठरीव स्वर नेहमींच्या मांडणींत पेटीसारखे समान अंतरांचे असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर येतो. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो सुमारें ३८६ व्या भागावर असतो. म्हणजे गाणारा तानपुऱ्याशीं अगदीं बिनचूक मिळून गायिला, तरी यंत्र त्यास १४ भाग उतरलेला ठरवून 'सुधारील'. तसेंच मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें. यंत्र त्या उताराच्या पायऱ्या करून टाकतें. चित्रपटगीतांत एखादा निसटलेला स्वर या साधनानें सांवरून घेण्यास हरकत नाहीं. परंतु रागदारींत आणि नाट्यपदांत तें वापरणें म्हणजे अक्षर सुधारण्याच्या नांवाखालीं हस्ताक्षरच पुसणें होय. स्वर चुकला असल्यास पुन्हां गावें, हाच स्वस्त आणि सरळ उपाय.

आरंभीं ज्या मोठ्या नुकसानीचा उल्लेख केला, तिजकडे आतां वळलें पाहिजे. हे सर्व संस्कार जोडतां येतात. काढतां मात्र जवळजवळ येत नाहींत. दुधांत विरघळलेली साखर जशी निवडून काढतां येत नाहीं, तसा आवाजांत मिसळलेला घुमारा पूर्णपणें वेगळा करतां येत नाहीं. त्यामुळें कोणताही संस्कार मूळ मुद्रणावर करूं नये. तो नेहमीं प्रतीवर करावा. मूळ मुद्रण 'वेव्ह' या पद्धतीनें ठेवावें. एम्.पी.थ्री. पद्धतींत जागा वांचते, पण ध्वनीचा कांहीं अंश कायमचा टाकून दिला जातो. एका आवाजाच्या वेव्ह मुद्रणास मिनिटाला सुमारें ५ मेगाबाइट जागा लागते. पांच मिनिटांचें गाणें म्हणजे एखाददुसऱ्या मिनिटाच्या चलच्चित्राएवढीही जागा नव्हे. तें दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावें आणि त्यावर गाणाऱ्याचें नांव, गाण्याचे पहिले शब्द व तारीख लिहावी.

ही खबरदारी गवयांपेक्षां साध्या घरांना अधिक लागू आहे. गवयाचें एक मुद्रण बिघडलें तर तो दुसरें करील. परंतु घरांतील वृद्ध आजी एखाद्या सणाच्या दुपारीं, लेकीसुनांनीं फार आग्रह केल्यावर, माहेरीं शिकलेली भूपाळी किंवा जात्यावरची ओवी म्हणते, तेव्हां तें गाणें बहुधा एकदांच मिळतें. तिचा श्वास कोठें पुरत नाहीं, कोणत्या शब्दावर ती थबकते, कोठें स्वर कांपतो, हें सर्व त्या मुद्रणांत असतें. नातू हौसेनें त्यावर देवळाचा घुमारा चढवितो, कांपणारा स्वर यंत्रानें सरळ करतो आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ मुद्रण पुसतो. ऐकणाऱ्यांस पहिल्या दिवशीं तें गोड वाटतें. पांच वर्षांनीं आजी नसते, आणि जें ऐकूं येतें तें आजीसारखें नसतें.

म्हणून ज्याच्या घरीं असें गाणारें माणूस आहे, त्यानें यंत्राची चौकशी करीत बसूं नये. एक शांत दुपार, एक जाड रजई आणि हातांतील मोबाईल एवढ्यावर काम भागतें. गाणें आधीं कोरडें व स्वच्छ टिपावें आणि जपून ठेवावें. घुमारा त्याच्या प्रतीवर आज जोडला काय, किंवा दहा वर्षांनीं अधिक चांगल्या साधनांनीं जोडला काय, दोन्ही सारखेंच. मूळ आवाज मात्र हातीं असावयास हवा.